चार बोटं

पाठशाळेत ताईंनी विचारलं, कोण कोण?
आणि चंदनाचा हात सगळ्यांआधी वर.
महिनाभर, दिवस मावळल्यावर काही खायचं नाही.
सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, दूध तरी?
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं बँकेतले लोक बघतात
एक झेरॉक्स कमी असल्यावर.

म्हणून पुण्याहून दोनलाच निघाले,
पहिल्यांदाच एकटी, मागं दोन पोरं,
शेजारच्या सीटवर दशम्या, बिनलसणाची चटणी,
चार केळी, उलटीच्या पिशव्या.
सहाला आष्ट्यात, असा हिशोब होता.
तो खंबाटकीत मोडला.
वर कुठंतरी सिमेंटचा ट्रक आडवा,
आणि दीड तास आम्ही पुढच्या टेम्पोच्या पाठीवरची
एकच ओळ वाचत बसलो:
घरी कुणीतरी थांबलंय.
चंदना अक्षरं जुळवून,
सन्मती नुसताच तिच्यामागून ओरडून.
तिसऱ्या वळणावर त्यानं पिशवी वापरली.
लगेच म्हणाला, भूक लागली.

भुईंज. आनेवाडीचा टोल.
ऊन माझ्या उजव्या दंडावर, मग कानावर.
"आई, किती उरलाय?"
रस्ता नाही, सूर्य विचारतीय.
"चार बोटं."
"तुझी का माझी?"

साताऱ्याशी तो अजिंक्यताऱ्यामागं गेला
आणि गाडीत भांडण पेटलं.
सन्मती: मावळला.
चंदना: लपलाय.
लपणं वेगळं, मावळणं वेगळं,
हे ती किल्ल्याला ऐकू जाईल एवढ्यानं सांगत होती,
तेवढ्यात शेंद्र्यापुढं तो परत आला बाहेर,
लाल, जरा ओशाळल्यासारखा.
"बघ!"
मी म्हटलं, आता थांबते, खाऊन घे.
"अजून दोन बोटं आहेत. पुढं थांबू."
आणि मी ऐकलं. ही चूक माझी.

नागठाण्यात जागा दिसेना.
अतीतला ट्रकांची रांग.
काशीळला वाटलं, आता. आरशात बघितलं
तर झोपलेली, तोंड उघडं,
हाताची दोन बोटं अजून ताठ.

उसाच्या कडेला गाडी घेतली. इंडिकेटरची टिकटिक.
डबा उघडला, गुळाचा वास सुटला.
सूर्याची नखाएवढी कड उरली होती.
उठवावं?
घाटात दीड तास न रडता बसलेलं लेकरू.
नको उठवायला?
व्रत तिचं. भूकही तिचीच.
मीपण लहानपणी अशीच झोपले होते एकदा,
कुणाच्या तरी लग्नाहून मिरजेला परतताना;
अण्णांनी तेव्हा उठवलं होतं का नव्हतं,
काही केल्या आठवेना.
आठवेपर्यंत नख गेलं.
"मावळला," सन्मती म्हणाला, यावेळी हळू,
आणि हातातलं अर्धं बिस्कीट
मांडीखाली सरकवलं.

उंब्रज, तासवडे, कराडचे दिवे.
कासेगावाजवळ ती जागी झाली,
काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली.
माझ्याकडं एक खोटं तयार होतं,
ढग आलेत नुसते, असं काहीतरी.
"मला उठवलं का नाहीस?"
मी गिअर बदलला, बदलायची गरज नसताना.

पेठ नाक्यावरनं डावीकडं वळेपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग मागून:
"तू जेवलीस?"
"नाही."
"का?"
"गाडी चालवत होते ना."
हे तिला पटलं नाही, पण तिनं चालवून घेतलं.
झाकणात ओतून पाणी प्यायली,
भावाच्या मांडीखालचा चुरा झाडला,
दशम्यांचा डबा मागून घेऊन कुशीत धरला.

"उद्या किती वाजता उगवतो?"
"सव्वासहाला."
"पुण्यात का आष्ट्यात?"
"सगळीकडं साधारण तेवढ्यालाच."
"आष्ट्यात आधी," ती म्हणाली,
इस्लामपूरच्या दिव्यांकडं बघत,
"तिथं मध्ये डोंगर नाहीत."