हल

या गावाचं नाव हल.
बसच्या कपाळावर हल, वीजबिलावर हल,
दवाखान्याच्या पत्रावर उजव्या कोपऱ्यात हल.
आणि माझा उजवा हात हलत नाही.

हा विनोद इथे सांगणार कुणाला?
डॉक्टर प्रेंटिसना सांगून पाहिला.
ते हसले नाहीत.
त्यांनी तो लिहून घेतला.

मंगळवारी झालं. कॅरव्हानच्या कारखान्यात
मी पडद्यांना चुण्या घालते, दिवसाला चाळीस खिडक्या.
चहानंतर कात्री उचलायला गेले
तर हात तिथेच, मांडीवर,
न बोलावलेल्या पाहुण्यासारखा.
दुखतही नव्हता. दुखला असता तर काही नाव देता आलं असतं:
कळ, ठणका, सणक, चमक, आग...
आपल्याकडे शब्दांना काय तोटा.
याला शब्दच नव्हता.

मला बोगद्यात घातलं.
अर्धा तास कुणीतरी बाहेरून ठोकत होतं.
घामाने गाऊन भिजला, का ते मला कळलं नाही.
मग सुया, मग वीज.
मान, मेंदू, नसा, सगळं नॉर्मल.
तारा शाबूत आहेत, डॉक्टर म्हणाले, निरोप पोचत नाही.
काही घडलं होतं का?
कधी?
कधीही.
मी म्हटलं, नाही.

नवरा म्हणाला, बघ, काही नाहीये म्हणतात ना.
नणंदेने फोनवर विचारलं, सोंग तर नाही?
रात्री दिवा घालवून मीही हाताला तेच विचारलं.

गुरुवारी लिंडसीकडे.
हाताकडे बघू नका, ती म्हणाली, बाहेर बघा, पक्षी मोजा.
बाहेर हंबर ओसरली होती, मैलभर नुसता चिखल,
त्यात एक होडी कुशीवर पडलेली.
सहा पक्षी मोजले. सातवा मोजताना
दारावर कुणीतरी टकटक केली.
आणि माझा हात उठला.
खांद्यापर्यंत. बोटं मिटली, डावीकडे सरकली जराशी,
आणि थांबली.
लिंडसी म्हणाली, पाहिलंत?
मी पाहिलं होतं. याआधीही एकदा.

जयसिंगपूर. मार्चमधली रात्र.
बाहेर आक्का. मारापेक्षा धावण्याने धाप लागलेली.
छबू, कडी काढ गं.
बाबा अंथरुणातूनच म्हणाले, सकाळी बघू,
एकदा दिली ती दिली.
आई काहीच म्हणाली नाही.
माझा हात कडीवर होता. लोखंड गार होतं.
अर्धी सरकली होती कडी.
अर्धी.
किती वेळ ठोकत होती ती.
मग नव्हती.

सकाळी उंबऱ्याशी एक चप्पल.
तिसऱ्या दिवशी नदीवरून माणूस आला बोलवायला.
मग सगळ्यांनी हात झटकले,
सासरच्यांनी, फौजदाराने, बाबांनी तर आंघोळ करून.
माझा तेवढा राहून गेला,
कडीवर.

सव्वीस वर्षं तो भाकऱ्या थापत होता,
सह्या करत होता, पोरीची वेणी घालत होता.
मला वाटलं, विसरला.

लिंडसीला सांगायचं तर कडीला इंग्रजीत काय म्हणतात
तेच आठवेना. इथल्या दारांना कड्या नसतात.
मग तिच्याच कागदावर डाव्या हाताने काढून दाखवली,
वेडीवाकडी, पोरं काढतात तशी.
तिने कागद फिरवून पाहिला. खूप वेळ.
काही म्हणाली नाही, हे बरं केलं.
पुढची तारीख दिली, दहा वाजून वीस मिनिटं.

त्याला आता महिना झाला.
काल भांडी विसळताना करंगळी हलली.
नवऱ्याने टाळी वाजवली, पोरीने फोनमध्ये टिपून ठेवलं.
मीही हसले.

करंगळीने कडी निघत नाही,
हे त्यांना कुठे माहीत आहे.