सतरावी पायरी

सातपूरच्या ऑफिसात, रात्री साडेनऊला
मी त्याला सांगितलं: कोडला हात लावू नकोस.
आधी नुसतं वाच. मग आराखडा दे.

त्याने वाचलं. पतसंस्थेची बावीस वर्षांची प्रणाली,
तिघांनी लिहिलेली, एकाने अर्ध्यात सोडलेली.
मी चहा घेऊन येईपर्यंत
एकेचाळीस पायऱ्या मांडून झाल्या होत्या,
गोदाघाटावर शेवाळ कुठे असतं
हे ठाऊक असल्यासारख्या, जपून.

आधी नक्कल, मग चाचण्या, मग व्याजाचं कोष्टक,
जुनं बंद करायचं ते अगदी शेवटी.
परत फिरायची वाटसुद्धा आखलेली.
कोठुळे सरांना हे कधी जमलं नव्हतं.
मलाही नाही, खरं तर.

फक्त सतराव्या पायरीवर तो अडला.
'इतर-२' या रकान्यात दर मंगळवारी
अकरा रुपये का वजा होतात, कळत नाही.
चूक आहे असं गृहीत धरू, की कुणाला विचारता?

गृहीत धर, एवढं टाइप करून झालं होतं माझं.

ते खोडलं. दुसाने काकांना फोन लावला, देवळालीला.
निवृत्त होऊन सहा वर्षं. टीव्हीचा आवाज बारीक करत म्हणाले,
अगं, तो हमालांचा आजारपणाचा डबा.
मार्केट यार्डातल्या. कागद नाही त्याला, तोंडी ठरलेलं.
अजून कापतात?

हो काका. अजून.

पलीकडे बराच वेळ नुसत्या बातम्या.

मी सतराव्या पायरीखाली त्यांचं म्हणणं लिहिलं,
जसंच्या तसं, 'अगं'सकट.
त्याने सगळं पुन्हा मांडलं. आता बेचाळीस.
नवी पायरी, सगळ्यांच्या आधी:
डबा सध्या कुणाकडे आहे, ते शोधा.