अठरा सेकंद

लादू खोबरेकर, वय एकाहत्तर, यकृताचा एमआरआय.
मालवणात, बंदरावरून वर येणाऱ्या चढावरचं आमचं सेंटर.
कानात कापूस, वर हेडफोन, पोटावर कॉइल बांधलेली.
काचेपलीकडून मी सांगते : श्वास घ्या. सोडा. धरा.
अठरा सेकंद.

अकराव्याला खोकला.

पडद्यावर यकृताच्या कडा तीन-तीन,
पुळणीवर ओसरत्या पाण्याने सोडलेल्या रेघांसारख्या.
आमच्या धंद्यात याला भूतच म्हणतात.

"गो बाये," माइकवर आवाज,
"होडयेखाली अडाकलेलो नांगर बुडी मारून सोडवलंय मी.
आता ह्या अठराक काय झाला?"

मग मी घाई निवडते.
चार ओळींतली एकच मोजायची, उरलेल्या तीन
शेजारच्यांवरून गणिताने विणायच्या.
पाच सेकंद. खोकल्याच्या आधी आटपतं.

भूत गेलं. पण डावी बरगडी दुमडून
पाठीच्या कण्यावर येऊन बसली,
घडी चुकलेल्या लुगड्यासारखी.
मी गाळणी वाढवते. तीही जाते.
आता चित्र कसं, पॉलिश मारलेल्या फरशीसारखं,
आणि मला ते आवडत नाही.
मघाशी उजवीकडे तांदळाच्या कणीएवढा
एक ठिपका होता. की नव्हता?
गणिताला कचरा वाटला असेल.
कचराच असेल, कदाचित.

बाहेर घेऊन पाणी देते.
कसं सांगावं कळत नाही, म्हणून जाळ्याचं सांगते.
ते हसत नाहीत.
"शेजारचे आस बघून भोक तुणूक येता.
पण भोकातसून गेलेलो मासो काय परत येतलो?"

घाई सोडली.
आता धरा म्हणत नाही. घेत राहा आपला श्वास.
पोट खाली जातं, जरा थांबतं,
तेवढ्या फटीत यंत्र एक घास घेतं,
आणि पोट वर येताना गप्प बसतं,
पाणी चढेपर्यंत खाडीच्या तोंडाशी
ट्रॉलर थांबतात, तसं.

सहा मिनिटं. आठ.
बाहेर बाकावर तिघे, एकाची सव्वाची आचरा एसटी.
प्रज्वला दोनदा दारातून डोकावून गेली.

ओळ येते. मग ओळ.
यकृत एक, त्याची कड एक.
थोडं दाणेदार. असू दे.

ठिपका आहे.

काय आहे ते मी सांगायचं नसतं.
दोन छेदांवर बाण काढून ठेवते नुसता.
टेबल बाहेर सरकतं.
लादू खोबरेकरांना झोप लागलीय,
तोंड उघडं, श्वास लांब,
कुणी न मोजलेला.