परवान्याशिवाय

एकतीस वर्षं मी बाटल्या मोजल्या.
लाखेची मोहोर, तारीख, सही,
आणि परवान्याच्या अर्जावर छापलेलं वाक्य:
आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगू द्यावं.
दिलं बाळगू. हजारोंना दिलं.
स्वतः कधी थेंब चाखला नाही,
तत्त्व म्हणून नव्हे,
ऑफिसातलं घरी आणायचं नाही, एवढंच.

आता मुग्धा नाशिकहून बाटली घेऊन आलीय.
पांढरी म्हणतात; रंग मात्र
उन्हात धरलेल्या शहाळ्याच्या पाण्याचा.
'गोडसर आहे, बाबा. तिखटाशी जमतं हिचं.'
जमतं म्हणे!
स्थळ सांगून आल्यासारखं बोलली
आणि विमान गाठायला निघून गेली.
पत्रिका बघायचं काम माझ्यावर.

पेले नाहीत घरात. सरबताचे ग्लास काढले.

तळलेल्या बोंबलाशी अठरा गुण.
नाही म्हणवत नाही इतकेच.
मग फ्रिजातलं श्रीखंड:
दोन गोडबोले एका खोलीत,
त्यात ही बिचारी कानकोंडी,
एकदम आंबटच झाली.
झाकण लावलं. उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सिटीलाइटच्या बाजारातून बांगडे आले
आणि कुमुदिनीनं तिखलं केलं.

कुमुदिनीचं असं आहे
की त्या तापानंतर तिला वास येत नाही, चवही नाही.
दोन वर्षं ती आठवणीनं स्वयंपाक करते.
मीठ हाताला ठाऊक आहे.
मिरचीचं मात्र तसं नाही.
मिरची जिभेला अजून थोडी कळते,
दारावर कुणीतरी थाप मारावी तशी,
म्हणून ती दर महिन्याला एक वाढवते.
आणि मी, ज्यानं भेसळ नुसत्या वासानं पकडली,
घाम पुसत म्हणतो, छान झालंय.

घास घेतला. तिरफळ, मग आग.
मग एक घोट.
आग विझली नाही,
पण खाली बसली,
तापलेल्या माणसाला कुणी
'अहो, आधी पाणी घ्या' म्हणावं तशी.
आणि तिच्यामागून बांगडा आला, आमसूल आलं,
दोन वर्षांत पहिल्यांदा
तिचा हात लागला जिभेला.
दुसरा घास. दुसरा घोट.
भात परत मागून घेतला मी.

तीही प्यायली थोडी.
'गार आहे,' म्हणाली, 'बाकी काही कळत नाही.'
आणि माझ्या ग्लासाकडे बघत राहिली,
घास, घोट, घास, घोट,
हिशेब तिचा माझ्याहून पक्का.

'तिखट होतं का हो?'
खिडकीतून खाडीचा वास येत होता. मला एकट्याला.
'रोजच होतं का?'

मी बाटली उचलून लेबल वाचत बसलो.
किती बारीक अक्षरात लिहितात हल्ली.