टिंबं

पहिल्या वर्षीचं जास्वंदीचं फूल
फेगडे सरांनी लाल पेनानं खोडलं :
"सावली नको. टिंब दे."

मग टिंबं.
तीन वर्षं टिंबं.

हर्बेरियमच्या कागदावर केळीचं पान मावेना,
दुमडून शिवलं,
तर चीक खालच्या चार चित्रांत उतरला
आणि डाग सुट्टीतही काळे होत राहिले.

आता मुलाखतीसाठी म्हणतात,
निवडक दहाच लाव.

चोपडा स्टँडवर माय पिशवी उचलून बघते,
"इतलं वझं कसानं शे वं?"

सर्टिफिकिटं मी घरीच ठेवलीत.
करप्याचा सर्व्हे घेतलाय,
सात शेतांचा,
त्यातलं चौथं आमचंच; तसं लिहिलेलं नाही.

आणि सगळ्यात वर
ते खोडलेलं जास्वंद.
त्याला अजून सावली आहे.