हजाराच्या आत

आठ वर्षं मी गजकर्णाचं मलम चोळलं,
कमरेवर, मांडीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे.
अशोक चौकातल्या मेडिकलवाल्याने
ट्यूब बदलल्या, चट्टे तेच.
कारखान्यात माझं काम चादर तपासायचं.
उजेडासमोर धरून दोष हेरायचा,
तुटला धागा, चुकला ठोका, डागाळलेला काठ.
स्वतःला कोण धरतं उजेडासमोर?

धरलं ते हत्तुरे मॅडमनी.
कागदावर बाहुली काढून
तिच्या अंगावर माझे चट्टे रंगवत गेल्या.
मग मसुराएवढा तुकडा बाटलीत, बाटली पुण्याला.

परत आले ते आकडे.
एलडीएच, इओसिनोफिल, सीडी चार, सीडी आठ,
आणि सीडी सात, जो असायला हवा तिथेच गायब.
मॅडम म्हणाल्या, "कनकय्या, तुम्ही मागावरचे, तुम्हाला कळेल.
रक्तात लाख तऱ्हेचे नमुने लागतात,
तुमच्यात एकच नमुना पुन्हा पुन्हा उतरतोय."

मला हसूच आलं.
पहिल्या चादरीवरचा मोर
शंभराव्या चादरीवर तस्साच उतरला
की मी जन्मभर शिक्का मारत आलो, पास.

एकदा त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला.
जांभळ्या पेशी, आत घड्याच घड्या,
बालमणी ट्रंकेत लुगडी कोंबते तशा.

बाहेर पारा त्रेचाळीसवर,
डांबर चपलेला चिकटतंय,
आणि मी आठवड्यातून तीनदा
पेटीत उघडा उभा, काळा चष्मा लावून,
मोजून दोन मिनिटं उजेड घेत.
सोलापूरच्या माणसाला उन्हाचं औषध!
सांगितलं तर पाहुणे हसतील. सांगितलं नाही.

बालमणी विड्या वळते.
तिला एकच विचारायचं होतं, "वाईट पेशी किती?"
"सहाशे चाळीस. हजाराच्या आत आहेत.
हजार ओलांडले तर आजाराचं नाव बदलेल, औषधही."
ती मान हलवत राहिली.
हजार तिला पाठ आहे.
पंचवीसची कट्टी, चाळीस कट्ट्या,
हजार भरले की मजुरी,
एक कमी असली तरी कारखान्यातला माणूस सूप परत ढकलतो.
घरी येताना रिक्षात म्हणाली,
"भरू नये असं हजार पहिल्यांदाच ऐकलं."

काल दुसरा कागद आला.
सातशे दहा. एलडीएच वर सरकलेला, लाल शाईत.
मॅडम म्हणाल्या, एका आकड्यावरून काही ठरत नाही,
तीन महिन्यांनी पुन्हा बघू.
चष्मा पुसत म्हणाल्या, बराच वेळ पुसत.

रात्री बालमणीने एकोणचाळीसावी कट्टी बांधली.
उरलेल्या विड्या सुपात तशाच सुट्या ठेवल्या,
दोरा दाताने तोडला,
आणि चहा टाकायला उठली.
मी काही विचारलं नाही.
खाजवत बसलो होतो.