बटाट्याच्या चकत्या

खोली नंबर चौदा, जुबैल.
पगाराची चिठ्ठी त्यानं गादीखाली सरकवली,
तरी आकडा मला ठाऊक आहे.
माझे तेराशे रियाल,
अशफाकचे एकोणतीसशे.

लोखंड एकच.
मी सळईला तारेची गाठ मारतो,
दिवसाला दोनेक हजार गाठी.
वर काँक्रीट पडलं की संपलं,
कुणी बघायला येत नाही.
तो पाइपाला शिवण घालतो.
तिचा एक्स-रे काढतात, माणसाचा काढावा तसा,
आणि साहेब उजेडाला धरून बघतो.

घरून फोन: तुम्ही पण शिका की ते ठिणग्यांचं.
शिकेन म्हणालो.
फी किती, ते नाही सांगितलं.

रात्री दीडला तो उठून बसला.
डोळ्यांत वाळू भरलीय म्हणाला.
वाळू तर दिवसभर मी खातो.
उठलो, बटाटा सोलला, चकत्या केल्या,
त्याच्या मिटल्या पापण्यांवर ठेवल्या.
माझी बोटं तारेनं चिरलेली,
रस झोंबला.

तसाच उताणा पडून तो म्हणाला,
बुरोंडीचं घर स्लॅबपर्यंत आलंय,
सुट्टीत येशील सळई बांधायला?

मी विचारलं,
रोज काय देशील?